भिंतीकडची जागा

“सरका गं बायांनो, सरका! पहिलटकरीण आली. भिंतीकडची जागा द्या तिला.”

मास्तरणीचा आवाज दवाखान्याच्या बोळात घुमला आणि बाकावरच्या चौघीपाचजणी पोटं सावरत, कण्हत, हसत वीतवीतभर सरकल्या. मास्तरीण काही खरी मास्तरीण नव्हती. ती एका गोदामात खोकी बांधायची. पण ही तिची तिसरी खेप होती आणि बाकावरच्या प्रत्येकीला धडा दिल्याशिवाय तिला चैन पडत नसे, म्हणून सगळ्यांनी तिला ते नाव देऊन टाकलं होतं.

दर बुधवारी तपासणीला येणाऱ्या, दिवस भरत आलेल्या बायकांचा तो बाक. त्याला पाठ नव्हती. बोळात आडवा टाकलेला असल्यामुळे त्याचं फक्त एक टोक भिंतीला टेकलेलं होतं. तिथे बसलं की खांदा टेकवता येई, डोकं टेकवता येई. ती जागा पहिलटकरणीची. हा नियम कुणी केला कुणास ठाऊक, पण मोडत कुणी नव्हतं.

पहिलटकरीण जाऊन भिंतीला टेकली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एकामागून एक काचा धरायच्या आणि विचारायचं, “आता कसं दिसतंय? आधीपेक्षा बरं, की तसंच?” दिवसभर हेच. त्यामुळे की आणखी कशामुळे, तिचा आवाज कधी चढत नसे आणि उतरतही नसे.

“पाय दाखव,” मास्तरीण म्हणाली. “बघा, सुजलेत. पायाखाली उशी घेतेस ना?”

“घेते.”

“आणि उताणी झोपू नकोस. डाव्या कुशीवर. पिशवी भरलीस का? नाही? अगं, आत्तापासून भरून ठेव. ऐन वेळी नवऱ्याला सांगशील तर पस्तावशील. माझ्या पहिल्या वेळी आमच्या शहाण्याने दाढीचं सामान भरून आणलं होतं.”

“कुणाची करायची होती?” पाववालीने विचारलं आणि बाक गदगदा हलला.

पाववाली एका बेकरीत गल्ल्यावर बसायची. वयाने सगळ्यांत लहान, पण तिचं दुसरं होतं. पहिला मुलगा दोन वर्षांचा, घरी आजीकडे. बाकावरच्या निम्म्या थट्टा तिच्याच असत.

पहिलटकरीणही हसली. हसायचं कुठे ते तिला कळे. पोटातलं हललं की तेही कळे. पण कळे एवढंच. शेजारच्या घराच्या दारावर कुणी टकटक करावं आणि ती आपल्या घरात ऐकू यावी, तसं.

खरं म्हणजे ती पहिलटकरीण नव्हती.

या बाकावर पहिल्यांदा येऊन बसली तेव्हा मास्तरणीने विचारलं होतं, “पहिलंच ना?” नाही म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलंही होतं. पण ‘दुसरं’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. मोठं कुणाकडे ठेवून आलीस? तिने नुसती मान हलवली. डॉक्टरांना सगळं ठाऊक होतं. बाकाला तेवढं नव्हतं. त्या एका होकारावर तिला भिंतीकडची जागा मिळाली आणि धडे सुरू झाले. उशी कशी घ्यायची, पिशवीत काय भरायचं, कळा खऱ्या कुठल्या आणि फसव्या कुठल्या. सगळं ती एकदा शिकलेली होती. तरी दर बुधवारी ती ते नव्याने ऐकून घेई. घरी तो विषय निघत नसे. निघतोय असं वाटलं की नवरा टीव्हीचा आवाज वाढवी आणि सासूबाई घासलेली भांडी पुन्हा घासायला घेत. जगात हा एकच बाक असा होता, जिथे काही घडलेलंच नव्हतं.

“माझं आज फार शहाण्यासारखं बसलंय बाई,” पाववाली पोटावरून हात फिरवत म्हणाली. “काल दुपारपासून एक लाथ नाही. नाहीतर मेलं झोपू देत नाही.”

“मग झोप काढून घे,” मास्तरीण म्हणाली. “जागा कुठे उरलीय त्याला हलायला? शेवटी शेवटी निवांतच बसतात. माझा धाकटा असाच, आळशी. अजून उठवावा लागतो.”

सगळ्या पुन्हा हसल्या. या वेळी पहिलटकरीण हसली नाही.

‘जागा कुठे उरलीय त्याला.’ मागच्या खेपेला तिच्या सासूबाईंनीही अगदी हेच म्हटलं होतं. तेही प्रेमानेच. शेजारणीने म्हटलं होतं, दुकानातल्या बाईंनी म्हटलं होतं. त्या दिवशी ती कामावर गेली आणि संध्याकाळपर्यंत लोकांच्या डोळ्यांपुढे काचा धरत राहिली. आता कसं दिसतंय? आधीपेक्षा बरं, की तसंच? पोटात सगळं तसंच होतं. दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टरांनी यंत्र बराच वेळ फिरवलं आणि मग पुसून ठेवलं.

आताही तिचे हात मांडीवर नुसते पडले होते. आपलेच आहेत असं वाटत नव्हतं. कुणीतरी बोलेल, तिने मनात म्हटलं. सिस्टर बोलतील. पाववालीचा नंबर आला की कळेलच.

पण पाववाली उठली.

“चालले गं मी. माझा नंबर शेवटी लागलाय आणि बेकरीत दुपारची गर्दी व्हायची. मालक तोंड फुगवून बसेल. तपासायचंय तरी काय? मजेत आहे मी. पुढच्या बुधवारी येईन.”

“जा, जा,” मास्तरीण म्हणाली. “येताना पाव आण, ताजे.”

पाववालीने पर्स खांद्याला लावली. चपला शोधल्या. बोळाच्या टोकाला उघडं दार होतं आणि त्यातून रस्ता दिसत होता. पहिलटकरणीने त्या दाराकडे पाहिलं.

“बस,” ती म्हणाली.

“काय गं?”

“जाऊ नकोस. बस खाली.”

“अगं, पण उशीर होतोय मला.”

“माझंही असंच बसलं होतं. शहाण्यासारखं.”

“कधी? आज?” मास्तरणीने चमकून विचारलं.

“पहिल्या वेळी.” तिचा आवाज दुकानातल्यासारखाच होता, सपाट. “हे दुसरं आहे माझं. पहिलं जागा नाही म्हणून निवांत बसलंय, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. ते गेलेलं होतं.”

वजनाच्या काट्यावर उभी असलेली बाई तशीच उभी राहिली. पाववालीने पोटावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला.

पहिलटकरीण उठली. तिने पाववालीचं मनगट धरलं आणि रांग ओलांडून थेट आतल्या दारावर थाप मारली.

“अहो ताई, नंबर आहे का?” सिस्टर आतून खेकसल्या. “सगळ्यांनाच घाई असते.”

“कालपासून हिचं मूल हललं नाहीये.”

सिस्टरनी हातातला कप ठेवला. त्यांनी पाववालीला आत घेतलं आणि पडदा ओढला.

पडद्याआडून यंत्राची खरखर येत होती. मास्तरीण जमिनीकडे बघत होती.

“इतके दिवस बोलली का नाहीस गं?” शेवटी तिने विचारलं. “मी आपली येडी, उशी घे नि पिशवी भर...”

“तुम्ही शिकवत होता. बरं वाटायचं.”

मास्तरणीकडे कुठलाच धडा उरला नव्हता.

सिस्टर बाहेर आल्या, त्या धावतच. “ठोके आहेत. मंद आहेत पण आहेत. वर नेतोय, लगेच. हिच्या घरी कुणीतरी फोन करा.” चाकांची खाट बोळातून गेली. पाववालीने जाताना मान वळवली. ती भिंतीकडे बघत होती, पण तिथे कुणी बसलेलं नव्हतं.

पुढच्या बुधवारी बाकावर बातमी आधीच पोचली होती. मुलगी झाली. एवढीशी आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय, पण रडते म्हणे जोरात. पाववालीच्या आईने बेकरीतून पाव पाठवले होते. मास्तरणीने ते सगळ्यांना वाटले. पहिलटकरणीच्या हातात मात्र तिने दोन ठेवले आणि काहीच सांगितलं नाही. पायांकडे पाहिलं नाही, पिशवीचं विचारलं नाही. इतर दोघीही तिच्याशी जपून बोलत होत्या, आजाऱ्याशी बोलावं तशा. सवयीने ती भिंतीला टेकून बसली होती. भिंत गार होती.

तेवढ्यात एक कोवळी मुलगी दारात येऊन उभी राहिली. छातीशी कागद घट्ट धरलेले. कुठे बसावं, कुणाला विचारावं, काही कळत नव्हतं तिला.

“पहिलंच का गं?” मास्तरणीने विचारलं, पण हलक्या आवाजात.

मुलीने मान हलवली.

बाकावरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणी कुणाला सरकायला सांगितलं नाही.

भिंतीला टेकलेली ती उठली. पोटाखाली हात धरून सावकाश उभी राहिली. पदराने जागा पुसली.

“इथे बस,” ती म्हणाली. “ही पहिलटकरणीची जागा.”

मुलगी बसली आणि तिने भिंतीला डोकं टेकवलं.

“तुमचं?” तिने विचारलं. “तुमचं कितवं?”

“दुसरं.”

“मग मोठं घरी?”

“नाही,” ती म्हणाली. “ते नाही आता.”

मुलगी ओशाळली. मास्तरीण सरकली, मग तिच्या पलीकडची सरकली. बाकाच्या मधोमध एकीपुरती जागा झाली. ती तिथे बसली, ताठ, पाठीला काही आधार नसताना. पोटातलं हललं. तिने हात नेऊन तिथे ठेवला.

“रोज लक्ष ठेव,” ती त्या मुलीला म्हणाली. “हलायचं थांबलं तर कुणाचं ऐकू नकोस. सरळ इथे ये.”