कण्हेरीवरचा डूल

“तो टॉवेल तिथं टाकाल तर बघा! आठवडाभर चहा मिळायचा न्हाई, सांगून ठेवते!”

कादर तांबोळी ओला टॉवेल हातात धरून जागच्या जागी थबकला. आंघोळ झाली की टॉवेल अंगणातल्या कण्हेरीवर टाकायचा, हा त्याचा लग्नापासूनचा शिरस्ता. आज मात्र त्याची बायको त्याच कण्हेरीखाली बसली होती, एक गुडघा चिखलात रोवून, मोबाईल दोन्ही हातांत धरून, आणि अशी डाफरत होती की जणू फांदीवर कुणाचं तान्हं मूल निजलंय.

“झालं काय एवढं?”

“काळा पडला!” हसिना कुजबुजली, पण कुजबुज कसली, आनंदाने तिचा आवाज चिरकत होता. “कोष काळा पडला हो! काल संध्याकाळपर्यंत नुसता चमचम करत हुता. आता बघा, आतले पंख दिसायला लागलेत. आज निघतंय. आत्ता निघतंय!”

कादरने वाकून बघितलं. पानाखाली बोटाच्या पेराएवढं काहीतरी उलटं टांगलेलं त्याला दिसलं. टॉवेल कुठं टाकू मग, असं त्याने विचारलं, आणि उत्तर मिळणार नाही हे ओळखून तो खांद्यावरच टाकला. सकाळी भाजीचा टेम्पो पिंपरीला लावून आला होता बिचारा, चहाची नितांत गरज होती.

लोणावळा लोकलच्या कान्हे स्टेशनजवळ हसिनाचं शिवणकामाचं दुकान. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. फॉल, पिको, ब्लाउज, शाळेचे युनिफॉर्म. आयुष्य त्या मशीनवर गेलं आणि त्याबद्दल तिची काही तक्रारही नव्हती. पण मध्यंतरी लेकीने, उमेराने, मोबाईलला चिमट्यासारखं लावायचं एक भिंग आणून दिलं आणि बाई बिघडली. पहिलाच फोटो तिने झिनियावरच्या मुंगीचा काढला, मोठा करून बघितला आणि चक्क किंचाळली. मुंगीला केस होते! त्यानंतर कितीतरी दिवस ब्लाउज शिवायला आलेल्या प्रत्येक बाईला माप द्यायच्या आधी मुंगीचे केस बघावे लागले.

मग तेलाच्या रिकाम्या डब्यांत सदाफुली आली, जास्वंद आली, झेंडू आला, आणि त्यांच्यावर येणाऱ्या प्रत्येक भुंग्याचा, नाकतोड्याचा, कोळ्याचा फोटो निघू लागला. “अम्मी, माझ्या साखरपुड्यात तू झेंडूच्या माळेवरच्या माशीचे फोटो काढत होतीस,” उमेरा अजून बोलून दाखवायची. “माझा एक धड फोटो नाही तुझ्याकडं.” हसिनाला लाज वाटायची, पण माशीचा फोटो फारच सुरेख आला होता, त्याला ती तरी काय करणार?

एकच फोटो काही केल्या मिळत नव्हता. कोषातून फुलपाखरू बाहेर पडतानाचा. कण्हेरीवर पट्ट्यापट्ट्यांच्या अळ्या यायच्या, पानं कुरतडून गुबगुबीत व्हायच्या आणि पानाखाली उलटं टांगून घेऊन कोषात जायच्या. कोष असा, की सोनाराने घासूनपुसून लटकवलेला दागिनाच. हसिना त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची आणि ऐन वेळी काहीतरी आडवं यायचंच. एकदा दूध उतू गेलं. एकदा कामशेतची नवरी ब्लाउज घट्ट झाला म्हणून रडत आली. परत येऊन बघावं तर फुलपाखरू पंख वाळवत बसलेलं आणि कोष रिकामा. आज मात्र तिने गॅसही पेटवला नव्हता आणि दुकानाचं दारही उघडलं नव्हतं.

काल तिला राहवलं नव्हतं. उतरत्या उन्हात कोष असा काही झळकला, की तिने तो फोटो आळीच्या ग्रुपवर टाकून दिला. खाली काहीच लिहिलं नाही. सुंदर गोष्टीखाली काय लिहायचं, असं तिचं मत होतं. हे मत तिला चांगलंच महागात पडणार होतं.

फाटक करकरलं.

“हसिना! अगं कुटं हाय? कुटं हाय माझा डूल?”

पलीकडच्या घरातल्या शालूबाई जवळजवळ धावतच आत आल्या. ठेवणीतलं पातळ नेसलेलं, हातात फडक्याने झाकलेलं पातेलं, चेहरा नुसता फुललेला. मागे मोबाईल घेऊन सून सविता, आणि तिच्यामागे काहीतरी घडतंय या वासावर आलेल्या आळीतल्या दोघी-तिघी.

हसिनाला क्षणभर काही उमजेना. मग सविताने तडा गेलेला मोबाईल तिच्या डोळ्यांसमोर धरला. “हे बघा की काकू. तुमीच टाकलाय न्हवं काल?”

त्या एवढ्याशा स्क्रीनवर कण्हेरीचं पान दिसत होतं आणि पानाखाली, आकड्याला लटकलेला, सोन्याचा थेंब. खरंच डूल दिसत होता. कुणालाही दिसला असता.

शालूबाई रोज पहाटे देवाला फुलं न्यायला याच कण्हेरीपाशी यायच्या. मागच्या आठवड्यात अशाच फुलं घेऊन घरी गेल्या आणि आरशात बघतात तर एका कानात डूल नाही. सगळी आळी शोधायला लागली होती. गवत झालं, गटार झालं, उकिरडा झाला. हसिनाने स्वतः आपल्या अंगणातली माती पिठाच्या चाळणीने चाळली होती. डूल शालूबाईंच्या नवऱ्याने, गेणूआबांनी, हौसेने घडवून घेतलेले. गेणूआबांना जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. उरलेला एक डूल शालूबाईंनी कानातून काढला नव्हता. “ह्यो काढला तर दोन्ही गेलं म्हनायचं,” असं त्या म्हणायच्या.

“काल सांजेलाच सूनबाईनं दावलं,” शालूबाई धापा टाकत सांगत होत्या. “पर तिन्हीसांजेचं कुणाच्या दारातनं सोनं न्ह्यायचं न्हाई, म्हून थांबले. रातभर डोळ्याला डोळा न्हाई बघ. म्हस व्यालीय, तुला खरवस आणलाय. दे की गं, कुटं ठेवलाय?”

हसिनाच्या तोंडचं पाणी पळालं. घाईघाईत माणूस खरं तेच बोलतो, तशी ती बोलून गेली, “मावशी, तो डूल न्हाई. किडा हाय.”

“किडा?” सविता म्हणाली. “सोन्याचा?”

“हा बघा ना, हितं…” हसिनाने फांदीकडे बोट दाखवलं आणि तिचं बोट हवेतच राहिलं. पानाखाली काळंकुट्ट काहीतरी लोंबत होतं.

“ह्यो तर काळा हाय.”

“काल सोन्यासारखा हुता. आज काळा पडला.”

बोलता बोलताच आपण काय बोलतोय ते तिला ऐकू आलं. काल सोनं होतं, आज काळं झालं. यावर सख्ख्या बहिणीनेसुद्धा विश्वास ठेवला नसता. मागच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. सविता खाली बघत म्हणाली, “आमी काय म्हनत न्हाई, काकू. पर आईंचा जीव टांगणीला लागलाय. घावला असंल, तर…”

पुढचं न बोललेलं सगळ्यांना ऐकू गेलं.

“घावला असता तर हिनं मध्यरात्री तुमचं दार वाजवलं असतं!” कादर कडाडला. टॉवेल खांद्यावरून खाली पडला तरी त्याला पत्ता नव्हता. “सकाळपासून चहा न्हाई मला, ह्या किड्यापायी! कुणी दागिन्यापुढं असं चिखलात बसतं का?”

शालूबाईंचं या कशाकडे लक्षच नव्हतं. त्यांनी पातेलं पायरीवर ठेवलं, “हितंच कुटंतरी असंल,” असं पुटपुटत पुढं झाल्या आणि तीच फांदी धरून खाली ओढली.

“हात लावू नका, मावशी!”

हसिनाने त्यांचं मनगट धरलं होतं. घट्ट. ज्या हाताने तिच्या बाळंतपणात तिला मेथीचे लाडू भरवले होते, तो हात. शालूबाईंनी मनगटाकडे बघितलं, मग हसिनाकडे, आणि त्यांचा फुललेला चेहरा पहिल्यांदा विझला.

“का गं?” त्यांनी हळूच विचारलं.

“थोडं थांबा,” हसिना म्हणाली. “तुमच्या डोळ्यांदेखत ह्यातनं फुलपाखरू निघंल. न्हाई निघालं, तर घर उलटंपालटं करा माझं. पण आत्ता थांबा, पाया पडते.”

शालूबाई उपड्या घमेल्यावर बसल्या. मग सविता बसली. मग इतर बायका. कादरही उंबऱ्यावर बसला. हसिना पुन्हा चिखलात गुडघा टेकून बसली. आजवर तिला त्या कोषातून फक्त एक फोटो हवा होता. आता आपली सगळी अब्रूच त्याच्यात अडकलीय, असं तिला वाटलं.

काही होईना. लोकल भोंगा देऊन लोणावळ्याकडे गेली. एकीने जांभई दिली. “तांदूळ भिजत घालून आलेय,” दुसरी म्हणाली, पण उठली नाही. कोपऱ्यावरचा दूधवाला फाटकात येऊन उभा राहिला, तर कादरनेच त्याला दटावलं, “आवाज करू नको. निघतंय.”

“काय निघतंय?”

“गप उभा राहा की!”

आणि कोष हलला.

“हलला!” सविता ओरडली. “आई, हलला! बघितलं का?”

सगळ्या पुढं सरसावल्या. हसिनाने सुईत दोरा ओवताना धरतात तसा श्वास धरला. कोषाला खालून बारीक चीर गेली. चिरेतून एक पाय आला. मग दुसरा. मग डोळे, मिशा, ओलं पांढऱ्या ठिपक्यांचं डोकं. हसिनाचं बोट बटणावर होतं आणि छाती इतकी धडधडत होती, की फोटो हलेल की काय याची तिला भीती वाटली. फुलपाखरू अर्धं बाहेर आलं. हाच तो क्षण! आणि फांदी ओढताना मघाशी पिचलेला पानाचा देठ तेवढ्यात तुटला.

हसिनाने मोबाईल सोडून दिला. विचार करून नव्हे. हात आपोआप पुढं गेले. मोबाईल चिखलात पडला आणि पान, कोष, फुलपाखरू तिच्या ओंजळीत.

“टांगायला पायजे त्याला!” ती घाबरीघुबरी झाली. “पंख मुडपलेलेच वाळतील, मग जन्मात उडायचं न्हाई!”

“हितं दे,” शालूबाई म्हणाल्या आणि त्यांनी आपलं बोट पुढं केलं.

फुलपाखराने त्या बोटाला चाचपलं. चढलं, घसरलं, पुन्हा चढलं आणि बोटाच्या कडेला लोंबकळत स्थिर झालं. पाठीवर चुरगळलेली चिंधी होती. बघता बघता ती पसरू लागली, बोहारणीने पातळाची घडी उलगडावी तशी, आणि काळ्या-तपकिरी पंखांच्या काठाला पांढरे ठिपके एकामागून एक उमटत गेले.

“अगं बया!” “बघ तरी!” “कसं गं हे!” अंगणात एकच गलका उडाला. दूधवाला किटली विसरून आत आला. कादरने तर सगळी करामत आपलीच असल्यासारखं सांगायला सुरुवात केली, “मी कवाधरनं सांगत हुतो, निघतंय म्हून!” सविता टाळ्या पिटत होती आणि “आई, हलू नका हां, बिलकूल हलू नका!” म्हणत स्वतःच नाचत होती. मग एकदम ती थांबली. चिखलातला मोबाईल उचलून तिने तो आपल्या पदराला स्वच्छ पुसला आणि हसिनाच्या हातात दिला.

“काढा, काकू,” एवढंच म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

शालूबाई बोटाकडे बघत होत्या. “काय बी वजन न्हाई गं ह्याला,” त्या नवलाने म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, खालच्या आवाजात, “म्हंजी डूल न्हाईच म्हन.”

“न्हाई, मावशी.” हसिना म्हणाली. तिची काही चूक नव्हती, तरी एका म्हाताऱ्या बाईला आपण रात्रभर खोट्या आशेवर जागवलं हे तिच्या मनाला लागलं होतं. “फोटोखाली लिवायला पायजे हुतं मी.”

“लिवलं असतंस तर मी आले असते व्हय हे बघाय?” शालूबाई हसल्या. हसता हसता डोळे भरले, पण पुसायला हात मोकळा नव्हता. एका हातावर फुलपाखरू आणि दुसऱ्याने त्या मनगटाला आधार दिलेला. पाणी तसंच गालावरून खाली आलं.

हसिनाने मोबाईलचं भिंग काढून ठेवलं. या फोटोत तिला शालूबाई अख्ख्या हव्या होत्या. तिने मोबाईल वर केला आणि तिला दिसलं, की गडबडीत पदर मागे सरकलाय आणि समोर नेमका रिकामा कान आलाय, वर्षानुवर्षांच्या वजनाने ओघळलेल्या भोकाचा. ती गुपचूप उठली आणि वळसा घालून दुसऱ्या अंगाला जाऊ लागली.

“तिकडं कुटं चाललीस?”

“ह्या बाजूनं ऊन बरं हाय, मावशी.”

शालूबाईंना सगळं समजलं. हात जरासुद्धा हलू न देता त्यांनी सावकाश मान वळवली आणि रिकामा कान पुन्हा तिच्या समोर आणला.

“ह्या अंगानं काढ. आन टाक त्या आळीच्या ग्रुपात. शालूचा डूल न्हाई घावला, समद्यांनी बघू दे. उगं उद्या कुणी तुज्या दाराकडं बोट करायला नगं.”

सविताने मान खाली घातली. हसिनाला पुढचं काही दिसेना. स्क्रीन सगळी पुसट झाली होती, तिने अंदाजानेच बटण दाबलं.

“अजून एक काढ,” शालूबाई म्हणाल्या. “ते वाळंपर्यंत मी बसलेय हितंच.”