बिगरसभासद

"सभासद की बिगरसभासद?"

टेबलामागच्या मुलीने मान वर न करताच विचारलं. तिने मफलर कानांवरून गुंडाळला होता आणि थंडीने आखडलेली बोटं लॅपटॉपवर ठेवली होती. जानेवारीचा दुसरा रविवार, सकाळचे पावणेसात. म्हसरूळच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला एका मोकळ्या शेतात वीस-पंचवीस गाड्या लागल्या होत्या. रांगेत ट्रॅकसूट घातलेली माणसं हात चोळत उभी होती.

"सभासद," संजना म्हणाली. "म्हणजे मी नाही, हे आहेत. नऊ वर्षं झाली. आम्हाला जोडीने जायचंय."

"नाव?"

"प्रफुल्ल गांगुर्डे."

मुलीने नाव टाइप केलं, पडदा वरखाली केला. "मॅडम, यांचं सभासदत्व सप्टेंबरमध्ये संपलंय. पुढे भरलेलं नाही. मग बिगरसभासद म्हणूनच घ्यावं लागेल. जोडीला सभासदांना दीडशे, इतरांना तीनशे."

संजनाने मागे वळून पाहिलं. प्रफुल्ल स्कूटरच्या सीटवर हात ठेवून उभा होता. तोंड डोंगराच्या बाजूला. ती टेबलावर वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "हे बघ बाळा, सप्टेंबरमध्ये ते भरण्याच्या परिस्थितीत नव्हते. त्यांना दिसत नाही आता. क्लब सुरू झाला तेव्हापासूनचे आहेत ते. दीडशेच घे ना."

मुलीने स्कूटरकडे पाहिलं. तिचा चेहरा कसानुसा झाला. क्षणभर वाटलं, ती हो म्हणणार. मग ती म्हणाली, "सॉरी मॅडम. तारीख उलटली की कुणालाच सवलत नाही, असा नियम आहे. मागच्या वेळी सचिवांच्या पुतण्याकडूनसुद्धा पूर्ण पैसे घेतले मी."

"अगं, पण—"

"बरोबर आहे तिचं," मागून आवाज आला.

प्रफुल्ल रांगेसाठी बांधलेल्या दोरीला धरून टेबलापर्यंत आला होता. आणि तो हसत होता. "नियम कुणी केला, माहिती आहे का तुला?"

"कमिटीने केलाय, काका."

"कमिटीतल्या कुणी?"

"ते नाही माहीत. मी गेल्याच वर्षी आलेय."

"मी केलाय. पाच वर्षांपूर्वी. ओळखीपाळखीने अर्धी माणसं सभासदाच्या दरात घुसायची. नकाशे छापायला पैसे उरायचे नाहीत. नियम लावला, तर एक जवळचा मित्र दोन वर्षं बोलला नाही माझ्याशी." तो संजनाकडे वळला. "तीनशे दे. आणि पावती घे."

संजनाने तीनशे रुपये दिले. मुलीने पावती फाडली, पंच करायचं कार्ड दिलं, प्लॅस्टिकच्या पाकिटातला नकाशा दिला आणि म्हणाली, "अडीच तासांच्या आत परत यायचं, काका. नाही तर बाद."

"ठाऊक आहे," प्रफुल्ल म्हणाला. त्याचं हसू अजून ओसरलं नव्हतं. संजना त्याच्याकडे बघत राहिली. घरात त्याच्या हसण्याचा आवाज ऐकून सात महिने झाले होते.

प्रफुल्ल पाटबंधारे खात्यात आरेखक होता. एकतीस वर्षं त्याने कालव्यांचे आणि बंधाऱ्यांचे नकाशे काढले. काचबिंदू कळला तेव्हा एक डोळा गेलेलाच होता. दुसऱ्या डोळ्यात आता नाण्याएवढा धूसर उजेड उरला होता. त्याने मुदतीआधी निवृत्ती घेतली, आणि मग सगळं जग त्याच्याशी फार चांगलं वागायला लागलं. पंचवटी कारंज्यावरचा रिक्षावाला भाडं घेईना. केस कापणारा म्हणाला, "राहू द्या साहेब." लग्नाच्या पंगतीत लोक त्याला आधी वाढून मोकळे व्हायचे. कुणाचं काही चुकत नव्हतं. पण अशा प्रत्येक चांगुलपणानंतर प्रफुल्ल थोडा अधिक गप्प व्हायचा. दिवाळीनंतर त्याने बाहेर पडणंच सोडलं.

क्लबच्या स्पर्धेचा निरोप त्याच्या फोनवर आला, तो संजनाने वाचला. "मला बघायचंय एकदा, काय असतं ते," ती म्हणाली.

"नऊ वर्षांत नाही वाटलं बघावंसं?"

"नाही वाटलं. आता वाटतंय."

ते खरं होतं. संजना महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. आठवड्याचं सगळं घरकाम रविवारवर साचायचं आणि नेमका त्याच दिवशी नवरा पहाटे होकायंत्र गळ्यात घालून निघून जायचा. डोंगरात लपवलेली केशरी-पांढरी निशाणं नकाशावरून शोधायची, एकेका निशाणाशी कार्डाला भोक पाडायचं आणि परत यायचं. "पैसे भरून हरवायला जाणारा माणूस" असं ती त्याच्याबद्दल शाळेत सांगायची. सगळ्या हसायच्या. त्या सांगण्यात थोडा रागही असायचा, तो कुणाला दिसायचा नाही.

सुरुवातीच्या रेषेवर तिने नकाशा उघडला. तपकिरी रेषांचं जाळं, मध्ये हिरवे-पिवळे तुकडे, आणि इवलीइवली चिन्हं. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं होती. तिने चष्मा सरकवून वाचली.

"सर्वेक्षण व रेखाटन, प्र. दा. गांगुर्डे."

"अजून माझाच वापरतात?" प्रफुल्ल म्हणाला. "चार वर्षांनी या डोंगरावर स्पर्धा घेताहेत, नवा काढायला हवा होता यांनी."

शिट्टी वाजली. पोरं सुसाट सुटली. प्रफुल्लने संजनाच्या खांद्यावर हात ठेवला.

"आपण उभे आहोत तिथे त्रिकोण आहे. सापडला? तिथून एक नंबरच्या वर्तुळाकडे रेघ जाते. रेघेवर काय काय लागतं, ते सांग."

"तपकिरी रेषा आहेत. सुरुवातीला लांब लांब, मग एकदम जवळ."

"जवळ म्हणजे चढ. चढाच्या आधी एक काळी तुटक रेघ असेल."

"आहे."

"पायवाट ती. आपण तिच्यावरून जाऊ. घाई नको."

तो एकाच पायाची पावलं मोजत चालायचा. शंभर मीटरला चौसष्ट. चौसष्ट झाली की बोट मिटायचा. संजना पुढे, तिच्या खांद्यावर त्याचा हात. दगड आला की ती सांगायची, चर आला की थांबायची. वाळलेलं गवत गुडघ्याला लागत होतं. पहिलं निशाण बांधाच्या मागे सापडलं, तेव्हा तिला स्वतःचंच नवल वाटलं. तिने कार्ड पंचमध्ये घातलं आणि त्याचा हात धरून तो पंचवर ठेवला. त्याने दाबलं. टक् असा आवाज झाला.

दुसऱ्या निशाणाच्या वाटेवर तिने विचारलं, "हा एकटा हिरवा ठिपका कसला?"

"करंज. मोठा आहे. त्याच्या सावलीत बसून डबा खायचो."

आणि खरोखरच समोर करंज उभा होता. संजना चालता चालता नकाशाकडे बघत होती. प्रत्येक बांध, प्रत्येक मोठा धोंडा, पावसाळी ओढ्याची प्रत्येक शाखा या माणसाने पायी जाऊन पाहिली होती आणि कागदावर मांडली होती. तिला ठाऊक नसलेले तिच्या नवऱ्याचे रविवार तिच्या हातात होते. तिने खांद्यावरच्या हातावर आपला हात ठेवला. तो मोजत होता.

तिसऱ्या निशाणापाशी गाडी अडली.

"आता एक विहीर लागेल," प्रफुल्ल म्हणाला. "निळं वर्तुळ. दगडी काठ आहे, लांबून दिसतो. विहिरीपासून उजवीकडे वळलं की साठ पावलांवर निशाण."

"विहीर दिसत नाहीये."

"असेल. नीट बघ."

"नाही दिसत, अहो. सगळं सपाट आहे. बाभळी आहेत नुसत्या."

"म्हणजे आपण चुकलोय. माघारी चल."

ते माघारी गेले. पुन्हा मोजत आले. पुन्हा तेच. एक बाप आणि त्याची लहान मुलगी त्यांना ओलांडून गेली. तिसऱ्यांदाही विहीर नव्हती. संजनाच्या पायात काटा मोडला होता, घसा सुकला होता.

"मला नाही येत हे," ती म्हणाली. "मी चुकीचं वाचत असेन."

"एवढी मोठी विहीर दिसत नाही?" प्रफुल्लचा आवाज चढला. "डोळे आहेत ना तुला!"

संजना जागच्या जागी उभी राहिली. प्रफुल्लने खांद्यावरचा हात काढून घेतला. आता त्याला कशाचाच आधार नव्हता आणि तो हलतही नव्हता.

बाभळीच्या मागून एक बाई गवताचा भारा घेऊन आली. वयाने साठीची, कासोटा घातलेली. दोघांना असं उभं बघून थांबली. "काय हुडकताय बाई?"

"इथे विहीर होती का हो, मावशी? दगडी काठाची?"

"व्हती ना. आमचीच व्हती." बाईने भारा खाली टाकला. "बुजवली ती. शेजारच्याची म्हैस पडली, मंग मपल्या लेकानं माती लोटली. तीन वर्सं झाली. तुमी तिच्यावरच तर उभ्या हाय."

संजनाने खाली पाहिलं. पायाखालची माती आजूबाजूपेक्षा जरा वेगळी होती आणि थोडी खचलेली.

"कोन तुमी? सर्वेवाले?"

"हे होते," संजना म्हणाली. "यांनी तुमच्या विहिरीचा नकाशा काढला होता."

बाईने प्रफुल्लकडे निरखून पाहिलं. "आरं, तुमीच व्हय ते! पाटीवर कागद लावून हिंडायचे. मी भागीबाई. मला वाटायचं जमीन घेत्यात का काय आमची." ती खळखळून हसली. "एकदा पानी बी प्यायलात तुमी या इहिरीचं."

"आठवतंय," प्रफुल्ल म्हणाला. "गोड होतं."

"लय गोड."

भागीबाई भारा उचलून निघून गेली. प्रफुल्ल खाली बसला आणि हाताने माती चाचपू लागला. मग तसाच बसून म्हणाला, "तू बरोबर वाचत होतीस. तिन्ही वेळा बरोबर आणलंस मला इथे."

"हो."

"मी ते बोलायला नको होतं."

"नको होतं," संजना म्हणाली. तिने त्याला हात देऊन उठवलं. "उजवीकडे साठ पावलं ना? मोजा."

बावन्नाव्या पावलालाच केशरी रंग दिसला. ती ओरडली. प्रफुल्ल म्हणाला, "बघ, तुझ्यामुळे माझी पावलं लांब पडायला लागली." तिला हसू आलं, आणि त्या हसण्यात काट्याचं दुखणंही थोडं कमी झालं. पुढची तीन निशाणं त्यांनी न भांडता शोधली. शेवटच्या उतारावर तो म्हणाला, "थँक्यू, संजना." एकोणतीस वर्षांच्या संसारात हे इंग्रजी त्याने तिच्याशी पहिल्यांदाच वापरलं होतं. ती म्हणाली, "पायाखाली बघा." आणि लगेच, "म्हणजे, जपून या."

"कळलं," तो म्हणाला.

ते शेतात पोचले तेव्हा बहुतेक गाड्या निघून गेल्या होत्या. टेबलावरच्या मुलीने कार्ड तपासलं, एकेका भोकावर बोट ठेवून. "सहाच्या सहा बरोबर. दोन तास एकवीस मिनिटं. जोडीच्या गटात अकरापैकी अकरावे."

"बाद नाही?"

"नाही काका. नऊ मिनिटं होती अजून."

तेवढ्यात कारभारी देवरे धावत आले. निवृत्त क्रीडाशिक्षक, क्लबचे सचिव. सकाळपासून वरच्या टोकाला निशाणांच्या देखरेखीवर होते, आत्ताच खाली उतरले होते. "गांगुर्डे! अहो, मला कळवायचं तरी! तुमच्याकडून पूर्ण पैसे घेतले म्हणे. पोरीला माहीत नव्हतं. हे घ्या, दीडशे परत."

प्रफुल्लने आवाजाच्या दिशेने तळवा आडवा धरला. "देवरे, ते पैसे परत केलेत तर मी पुन्हा येणार नाही."

"अहो, पण नऊ वर्षांचे सभासद तुम्ही—"

"आज नाही. आज बिगरसभासद. सात महिन्यांत माझ्याकडून कुणी पूर्ण पैसे घेतले नव्हते हो. काय नाव मुलीचं?"

"वेदिका."

"वेदिका, थँक्यू बरं का."

वेदिका गोंधळली. "कशाबद्दल, काका?"

"पावती दिलीस ना, त्याबद्दल. सभासदत्वाचा अर्ज आहे का? यंदा दोघांचा भरायचाय."

संजनाने अर्ज भरला. स्वतःचं नाव लिहिताना तिचं अक्षर फळ्यावर असतं तसं गोल आणि मोठं आलं. देवरे खुर्ची घेऊन आले. प्रफुल्ल खुर्चीत बसला आणि म्हणाला, "देवरे, तुमचा नकाशा जुना झालाय. विहीर बुजली. ओढ्याकाठी तारेचं कुंपण आलंय, हिने पाहिलं. दुरुस्त करून घ्या."

"करणार कोण? तुमच्यानंतर कुणी हातच लावला नाही त्याला."

"मी करीन," वेदिका म्हणाली. "मला शिकायचंय ते. सांगता का, काका?" आणि पेन घेऊन ती त्याच्या शेजारी मातीतच मांडी घालून बसली.

प्रफुल्लने नकाशा मांडीवर पसरला. दोन्ही हातांनी तो सपाट केला, कडा जुळवल्या आणि बोट टेकवलं. "इथून सुरू करू. हा पायथा."

बोटाखाली डोंगराचा माथा होता. संजनाला ते दिसलं. तिचा हात पुढे गेला आणि अर्ध्यावर थांबला. देवरे दुसरीकडे बघू लागले.

"थांबा काका, उलटा धरलाय," वेदिका म्हणाली. तिने त्याच्या मांडीवरचा कागद सरळ फिरवून ठेवला. "हं. आता सांगा."

"असं होय," प्रफुल्ल म्हणाला. त्याने पुन्हा कडा चाचपल्या, खालचा कोपरा अंगठ्याने पकडला आणि बोट हळूहळू वर सरकवायला लागला.

संजना पोह्यांच्या गाडीकडे निघाली. तिथून तिने वळून पाहिलं. तो बोलत होता, मुलगी लिहीत होती. मधेच ती काहीतरी म्हणाली, त्यावर त्याने मान हलवून ठाम नाही म्हटलं, आणि तिने आधीचं खोडून पुन्हा लिहिलं.

"किती प्लेट, ताई?" गाडीवाल्याने विचारलं.

"तीन," संजना म्हणाली. "पण सावकाश द्या. त्यांचं काम चाललंय."