रिकाम्या खुंटीवरची कडी

मी एक जुनी कडी आहे. तुम्हाला दिसणार नाही, पण आहे.

मित्रांनो, माझा जन्म चाकणजवळ कुरुळीच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे आम्हा कड्यांना एकेका खुंटीवर टांगत. मग आम्रपालीताई पितळी हातोडीने टक्-टक् करून कान लावायच्या. नाद खणखणीत घुमला तर कडी पास, बद्द आला तर आत तडा. माझा नाद ऐकून ताई हसल्या होत्या. मला फार अभिमान वाटला.

मला एका मालवाहू यानाच्या दाराला बसवायचे होते. अंतराळ स्थानकावर अन्नपाणी पोचवणारे खासगी कंपनीचे यान, आत एकही माणूस नसणारे. आमच्याकडून ज्या लोखंडी पेट्यांतून माल जातो, त्या रिकाम्या होऊन परत येतात. यानाचेही तसेच असेल, असे ताईंना वाटले. "जाऊन ये गं. तुझी खुंटी राखून ठेवते," म्हणत त्यांनी मला पाठवले.

यान उडाले. आत काळोख, सामानाच्या पिशव्या आणि मी. तरी रोज मला कोणीतरी वाजवायचे, टक्-टक्. सवयीने मी घुमायचे. खाली ताई रांगेतली माझी रिकामी खुंटीही रोज वाजवत होत्या, हे मला नंतर कळले.

स्थानकावरच्या माणसांनी सामान काढून घेतले, मळके कपडे आणि कचरा भरला, दार लावले. तेव्हा उमगले, ही पेटी परत जाणारी नाही, कचऱ्यासकट वाटेतच जळणारी आहे. मी फार घाबरले. खाली येताना यान पेटले. दार वितळले तरी मी धरून होते. मग मीही वितळले.

"अहो ताई, ते यान जळून गेलं. खुंटी कशाला अडवून ठेवलीय? ऑर्डर मोठी आहे," असे म्हणत सुपरवायझर उद्धवरावांनी माझ्या जागी नवी कडी टांगली. ताईंनी वाजवली. बद्द. शेजारच्या खुंटीवर तीच कडी खणखणीत वाजली. पुन्हा माझ्या खुंटीवर आणली, पुन्हा बद्द.

"तडा नाहीये, साहेब," ताई हळूच म्हणाल्या. "हिला काहीतरी टेकलंय."

त्यांनी नवी कडी काढली आणि खुंटीखाली नुसत्या हवेत हातोडी मारली. मी घुमले. उद्धवराव मशीन बंद करून ऐकत राहिले.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा. पण निरोप देताना 'जाऊन ये' म्हणालात, तर जागाही राखा. नुसते म्हणायचे म्हणून म्हटलेले आम्हाला कळत नाही. आम्ही येतो.