माझ्या भेगेत काय होतं

मी मये गावची आदोळी बोलतेय. तुम्ही मला विळी म्हणता. गोवा राज्य झालं त्या वर्षी डिचोलीच्या सुतारानं फणसाच्या फळीत माझं पातं बसवलं आणि सत्यवतीबाई मला घरी घेऊन आल्या.

वीस वर्षं त्यांनी मला वापरलं. सकाळी बांगडे, मग तांब्याभर पाणी, मग तांबडी भाजी नाहीतर मुळ्याचा पाला. पाणी ओतलं की मी स्वच्छ, असं त्यांना वाटे. मलाही.

एका रविवारी त्यांनी मुळ्याचा कोवळा पाला बारीक चिरून कोशिंबीर केली. सहा वर्षांच्या नातीनं, हर्षानं, ती दोनदा मागून घेतली. दुसऱ्या दिवशी उलट्या-जुलाबांनी पोर निपचित पडली. तिला म्हापशाला इस्पितळात नेलं.

घरात कुणी पाल्याला दोष दिला, कुणी विहिरीला. मी कोपऱ्यात निर्धास्त होते.

सत्यवतीबाईंचा मुलगा, हर्षाचा मामा यशवंत, एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत होता. चिरलेल्या पालेभाजीवर जंतू वाढू नयेत म्हणून लवंग आणि दालचिनीच्या पानांच्या अर्काचे त्याचे प्रयोग चालले होते. त्यानं विहिरीचं पाणी नेलं, उरलेला मुळा नेला. निघता निघता कापसाची काडी माझ्या पात्याच्या बुडातल्या भेगेत फिरवली. मला हसूच आलं.

चार दिवसांनी तो जंतू वाढवायच्या ताटल्यांचे फोटो घेऊन आला. विहीर साफ. मुळा साफ. माझ्या भेगेतल्या काडीच्या ताटलीत मात्र ठिपक्यांवर ठिपके.

"मांय, जंतू आदोळीत आसत. माशाचं रगत भेगेत ऱ्हवता, तांच पानांक लागता."

"आणि तुझा तो लवंगेचा अर्क?"

"पानां धुवक बरो. पण ह्या भेगेत तो पोचना."

सत्यवतीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे माझ्याच हातानं?"

हात त्यांचा होता, पण विष माझ्या पोटात होतं. इतकी वर्षं! मला कळलंसुद्धा नाही.

आठवड्यानं हर्षा घरी आली, काडीसारखी वाळलेली. मला मागच्या दारी टाकलं.

काल शेजारची शेवंती आली. "आदोळी अशीच पडली आसा. माका दी गो."

सत्यवतीबाईंची मान खाली गेली. साऱ्या वाड्यात त्यांच्या कोशिंबिरीचं नाव होतं. तरी त्या बोलल्या, "शेवंते, हिच्यावर चिरलेलं खाऊन माझी नात मरता मरता वाचली. ही कुणाकच दिवची नाय. चुलीत घालतंय."

बाई, घाला. उशीर नको. आणि तुम्ही वाचणारे, तुमच्या घरच्या विळीच्या पात्याचं बूड आज एकदा बघा. तिलाही काही ठाऊक नसेल.