पुढेच जाणारी सीट

बाबांना गाडीतून उतरायचं होतं. त्यासाठी सीट मागे घ्यायला हवी होती, पण बटण उलटं दाबलं गेलं आणि सीट पुढे सरकली. ऑपरेशन झालेला गुडघा डॅशबोर्डला टेकला तेव्हा ते ओरडले आणि त्यांनी बोट उचललं. मग मागे दाबलं. टक् असा आवाज झाला, सीट हलली नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा नुसतंच टक्.

आम्ही टाके काढून नुकतेच इमारतीच्या आवारात परतलो होतो. पाऊल डॅशबोर्डखाली अडकलं होतं आणि गुडघा वाकवायचा नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती. रखवालदाराने आणि मी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून उचलून पाहिलं. बाबा असे कळवळले की रखवालदाराचेच हात सुटले.

"मला लघवीला जायचंय," बाबा म्हणाले. "सकाळी ती लघवीची गोळी घेतलीय. काय करायचं ते लवकर कर."

संडास रखवालदाराच्या खोलीमागे होता. वीस पावलांवर.

"रिकामी बाटली आहे. देऊ?"

"मुलीसमोर? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

बाबांनी चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं. मी प्रयोगशाळेत पाणी तपासते. त्यांची हत्यारांची पिशवी डिकीत असायचीच. ती घेऊन मी मागच्या सीटसमोर पालथी पडले.

"बटणातला मागे नेणारा कॉन्टॅक्ट जळलाय," ते म्हणाले. "आवाजच सांगतोय. खाली मोटरच्या दोन वायरी आहेत, त्या काप आणि उलट्या जोड. मग पुढचं बटण दाबलं की सीट मागे जाईल."

"आणि अंदाज चुकला तर? सीट आणखी पुढे आली तर?"

"चाळीस वर्षांत चुकला नाही, तो आज चुकतोय!"

पण गुडघा त्यांचा होता आणि दाबून बघायची सोय नव्हती. मी आधी फ्यूज काढून पाहिला.

"पुढे गेली ना सीट? मग फ्यूज धडच असणार, ताई!"

मला ते ताई म्हणतात ते चिडल्यावरच. फ्यूज धड होता. मग मी मोटरचा प्लग सोडवला, त्यात पिशवीतल्या मीटरच्या सुया धरल्या आणि त्यांना बटण दाबायला सांगितलं. पुढे दाबल्यावर बारा व्होल्ट. मागे दाबल्यावर शून्य. मी दोन्ही आकडे दोनदा घेतले.

"झालं समाधान?"

"हो. तुमचं बरोबर आहे."

"मग काप!"

"आधी बॅटरी सोडवते."

"प्लग काढलायस ना? मोटरकडच्या वायरीत वीज येणार कुठून? आकाशातून?"

मला ते कळत होतं. तरी मी बाहेर आले, बॉनेट उघडलं, पाना शोधला. वायर कापण्याआधी बॅटरी सोडवायची, हे मी कुठेतरी शिकले होते आणि शिकलेलं एकदा मोडलं की मला हात चालवता येत नाही. नट गंजलेला होता. चार मिनिटं गेली. रखवालदार बाबांशी काहीबाही बोलत होता, "साहेब, माझ्या मेव्हण्याची गाडी तर धक्का मारल्याशिवाय हलत नाही." बाबा आधी हसत होते. मग त्यांचा आवाज थांबला.

मी वायरी कापल्या, उलट्या जोडल्या, वरून टेप गुंडाळली, प्लग लावला. बॅटरी जोडून धावत आले.

"आता पुढचं. जरासंच दाबा."

सीट बोटभर मागे गेली.

"दाबून ठेवा, बाबा!"

मोटर घरघरत राहिली. सीट शेवटपर्यंत मागे गेली, गुडघा सुटला, पाऊल मोकळं झालं. रखवालदाराने टाळीच वाजवली. "चला साहेब, उतरा!"

मी हात पुढे केला. बाबांनी तो धरला नाही. ते समोरच्या काचेकडे बघत होते.

"आता घाई नको," ते म्हणाले.

तेव्हा मला सीटचं कापड दिसलं. गडद झालेलं, कडेपर्यंत.

मी रखवालदाराला चावी दिली, वर जाऊन बाबांची लुंगी आणि टॉवेल आणायला सांगितलं. का, ते त्याने विचारलं नाही; तो जिन्याकडे पळाला.

"बाबा, मी बॅटरी..."

"जोडावर टेप नीट बसलीय का बघ," ते म्हणाले. "मागून बघ."

मी मागच्या दारातून आत शिरले आणि सीटखाली वाकले. टेप घट्ट होती. रखवालदार जिन्यावरून खाली येईपर्यंत मी ती बघत राहिले.