गोजराकाकीची गच्ची

मी भांडकुदळ आहे, हे अख्ख्या घणसोली गावाला माहीत आहे. त्यामुळे संघप्रियाने फॉर्मवर पेन टेकवून विचारलं, "जागृतीताई, मिरची कुठं सुकते?" तेव्हा मी सरळ उखडलेच.

"गाळ्यात येते, गाळ्यात दळते, गाळ्यात पॅक होते. स्कोप तेवढाच लिही!"

संघप्रिया आमची सल्लागार. अन्नसुरक्षेचं सर्टिफिकेट असल्याशिवाय मॉलवाले आमचा आगरी मसाला ठेवणार नव्हते. त्यासाठी आधी स्कोप ठरवायचा, म्हणजे कुठला माल, कुठलं काम, कुठल्या जागेत, ते कागदावर मांडायचं. तळवलीचा गाळा मी चकाचक करून ठेवला होता. पण मिरची सुकायची ती गोजराकाकीच्या गच्चीवर. काकी माझी चुलत सासू. लग्न होऊन आले तेव्हा मसाला तिनेच शिकवला मला. मिरची कानाशी धरून मोडते आणि आवाजावरून सांगते, सुकली की नाही. पण त्याच गच्चीवर चार हातांवर तिचा जवळाही, म्हणजे बारीक कोळंबी, सुकायचा. ऑडिटरला कळलं तर काकीचं काम जाणार, म्हणून मी गच्चीच गाळली होती.

"जे काम मसाल्यात उतरतं ते कागदातून गाळता येत नाही, ताई," संघप्रिया म्हणाली. "एक तर गच्ची लिहा, नाहीतर सुकलेली मिरची बाजारातून आणा. जवळ्याची ॲलर्जी असते काहींना. मसाला खाऊन कुणाचा घसा सुजला तर?"

नेमकी काकी माझा डबा घेऊन दारात उभी. सगळं ऐकलं होतं तिने.

"काय गो, माजी गच्ची चोरीची हाय का?" ती म्हणाली. "येवरी वर्सं मिरची सुकवतंय, न् तू माना लपवतंस?"

"काकी, तुझं काम राहावं म्हणूनच गं..."

"माज्यासाठी खोटं नको बोलू. जवला हलवाचा, येवरंच ना? त्या पोरीला इचार, आनखी काय करू."

मी संघप्रियाला म्हटलं, "लिही गच्ची." मला गप्प बसवणारी ती एकटीच आहे.

दुसऱ्या दिवशी जवळा पुतण्याच्या अंगणात गेला. काकीने गच्ची घासून धुतली, वर जाळी बांधून घेतली, केसांवर टोपी चढवली. ऑडिटर आला, तर त्यालाच म्हणाली, "बूट खाली काढ, दादा." त्याने मुकाट काढले.

सर्टिफिकेट आलं. काकीला वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं: मसाला दळणे व पॅक करणे, तळवली; मिरची सुकवणे, गोजराबाईंच्या घराची गच्ची, घणसोली गाव. "परत वाच," म्हणाली. तीनदा वाचायला लावलं. मग झेरॉक्स काढून घेतली आणि जिन्यात चिकटवली.

परवा शेजारचे नामदेवकाका बोंबील सुकवायला टोपली घेऊन जिना चढत होते. वरून काकी कडाडली, "थांब! भिंतीवर काय लिवलंय ते वाच पयलं!"

काका निमूट उतरले. मला बाई इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी मी कोणाशीच भांडले नाही.