फासिकाच्या सणाचा घास

‘माझ्या दुकानातलं कच्चं मांस खाऊन अदामा शहरात कुणी आजारी पडलेलं नाही,’ असं मी छाती ठोकून सांगायचो. मग गेल्या फासिकाला, आमच्या ईस्टरच्या सणाला, माझी बायको यिर्गेदूच आडवी झाली. आठ दिवस दवाखान्यात. मी सगळ्यांना सांगितलं, नळाचं पाणी बाधलं. तेव्हापासून ती माझ्या हातून गुर्शाचा घास घेत नाही. चार माणसांत मी प्रेमानं तिच्या तोंडाशी घास न्यावा आणि तिनं ‘पोट भरलंय’ म्हणावं! वर्षभर हात तसाच मागे घेतोय. लाज वाटते हो.

आमची पोरगी त्सिगेरेदा प्रयोगशाळेत जंतू मोजते. म्हणाली, “अबाबा, दह्यात जे आम्ल असतं ना, त्याचं पाणी मांसावर फवारायचं. शिजवायला नको, तापवायला नको. जंतू खूप कमी होतात.”

“मांस आहे की मिरचीचं शेत, फवारायला?” मी ओरडलो. पण यिर्गेदूचा चेहरा आठवला आणि म्हटलं, फवार बाई.

आता पंचाईत बघा. फासिकाआधीचा मोठा उपास चालू, मांस वर्ज्य, म्हणून माझ्या दुकानाला कुलूप. पोरीनं चाचणीला मांस आणलं ते समोरच्या खाटीक नसरोकडून. तो मुसलमान, मी ख्रिस्ती. त्याचं मांस मला चालत नाही, माझं त्याला. मैत्री मात्र तीस वर्षांची. मी नाक लावून पाहिलं, मांस अगदी ताजं. अर्ध्यावर फवारलं, अर्धं तसंच ठेवलं. पण चव कोण बघणार? सगळ्या घराला उपास. शेवटी नसरोलाच बोलावलं. त्याचं मांस, त्याचीच जीभ.

फवारलेला तुकडा त्यानं सावकाश चावला, डोळे मिटले. “अयालनेह,” कण्हत म्हणाला, “दही झालंय रे याचं!”

माझं तोंड पडलं. पाहतो तर हा पठ्ठ्या तिसरा तुकडा उचलतोय.

“आंबट आहे ना? मग खातोस कशाला?”

“तुझं तोंड बघायला,” तो खो खो हसला. “काही फरक नाही. झकास आहे.”

दोन दिवसांनी पोरीनं प्रयोगशाळेतून जंतू वाढवलेल्या काचेच्या दोन बश्या आणल्या. फवारलेल्या मांसाच्या बशीत मोजके ठिपके. दुसरीत ठिपकेच ठिपके.

“हे सगळे जंतू?” मी विचारलं. “पण मी वास घेतला होता. उत्तम होतं.”

“त्यांना वास नसतो, अबाबा.”

तीस वर्षं मी नाकावर धंदा केला. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

फासिकाला बैल कापला, धड टांगून नीट फवारलं. सकाळी अंगणात गिऱ्हाइकांची गर्दी. लोक कच्चे तुकडे मिटमिट्याच्या तिखटात बुडवून मिटक्या मारत खात होते. मी सगळ्यात कोवळा तुकडा उचलला आणि यिर्गेदूकडे निघालो. मध्येच थांबलो.

“त्सिगे, यात एकही जंतू नाही ना?”

“कमी केलेत. संपवले नाहीत. आईचं पोट अजून नाजूक आहे.”

मी वळलो, चुलीवर तवा ठेवला. शिजवलेलं मांस म्हणजे बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्यांचं जेवण, असं जन्मभर म्हणत आलेला माणूस मी!

“गाशे अयालनेह, तुम्ही भाजताय?” कुणीतरी विचारलं.

“हो, भाजतोय!” माझा आवाज चढला. “गेल्या वर्षी ही माझ्याच मांसानं आजारी पडली. पाण्याला काही झालं नव्हतं. खोटं बोललो मी.”

यिर्गेदू पुढे आली. डोळे भरलेले. “मांसावर कुठे राग होता रे माझा? मी मरता मरता वाचले आणि तू आपलं दुकान सांभाळत बसलास.”

तुकडा नीट भाजला, इंजेराच्या मऊ पोळीत गुंडाळला, हात पुढे केला.

तिनं तोंड उघडलं. घास एवढा मोठा झाला होता की तिला बोलता येईना. मग चावता चावताच तिनं तव्याकडे बोट दाखवलं, दुसरा टाक म्हणून.